मतांचा ताळा कोणी करायचा?

माळशिरस तालुक्यातील मारकडवाडी हे गाव डिसेंबर २०२४ पर्यंत सोलापूर जिल्ह्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. त्या वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले आणि २३ नोव्हेंबरला निकाल लागला. मतदारसंघात राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे उत्तमराव जानकर विजयी झाले. मारकडवाडीच्या आकड्यांत मात्र भाजपचे राम सातपुते पुढे होते. सातपुते यांना १,००३ आणि जानकर यांना ८४३ मते. आपल्या गावात असे घडणे शक्यच नाही, असे जानकर यांच्या समर्थक ग्रामस्थांचे म्हणणे पडले आणि त्यांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घेण्याचा घाट घातला. प्रशासनाने त्यास नकार दिला, जमावबंदी लागू झाली, गावात पोलिसांचा मोठा बंदोबस्त आला आणि ग्रामस्थांना तो बेत सोडून द्यावा लागला. पुढे गुन्हेही दाखल झाले.

कायद्याच्या दृष्टीने त्या मतदानाला काडीचेही मोल नव्हते. ते पार पडले असते तरी त्यातून काही सिद्ध झाले नसते, कारण गाव पेटलेले असताना शेजाऱ्यांच्या नजरेसमोर दिलेले दुसरे मत हा पहिल्या गुप्त मताचा पुरावा होऊ शकत नाही. तथापि, या साऱ्या गदारोळात एक साधी गोष्ट बाजूला पडली. मारकडवाडीतील मतदारांनी यंत्रावर दिलेल्या मतांच्या कागदी चिठ्ठ्या त्या वेळी सरकारी ताब्यात मोहोरबंद स्थितीत पडून होत्या. त्या मोजण्यास काही तास पुरले असते. मग त्या मोजल्या का गेल्या नाहीत? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास मतदान यंत्रांविषयीच्या एरवीच्या वादापेक्षा वेगळेच चित्र समोर येते.

व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी निवडणूक नियमांतील ५६-डी या नियमानुसार उमेदवाराला किंवा त्याच्या प्रतिनिधीला लेखी स्वरूपात करता येते. मात्र ती निकाल घोषित होण्यापूर्वी, मतमोजणीच्या ठिकाणीच करावी लागते आणि ती मान्य करायची की नाही, हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो. निकाल एकदा जाहीर झाला, की उच्च न्यायालयात ४५ दिवसांच्या आत निवडणूक याचिका दाखल करणे, हाच मार्ग उरतो. मारकडवाडीत गंमत अशी झाली, की ज्यांना शंका होती त्यांचा उमेदवार निवडून आला होता. त्याने स्वतःच्याच विजयाविरुद्ध याचिका कशाला करावी? पराभूत उमेदवाराला त्या गावात आघाडी मिळाली होती. त्याला तेथील चिठ्ठ्या मोजून घेण्यात रस असण्याचे कारण नव्हते. चिठ्ठ्या मोजण्याची मागणी करण्याचा अधिकार असलेल्यांना गरज नव्हती आणि गरज असलेल्यांना ती मागणी करण्याचा अधिकार नव्हता. गावकऱ्यांच्या वाट्याला पोलीस आले.

'यंत्रात फेरफार करता येतो का?' हा प्रश्न गेली चार दशके या देशात विचारला जात आहे. १९८२ साली केरळातील परवूर मतदारसंघात ५० मतदान केंद्रांवर ही यंत्रे प्रथम वापरली गेली. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सिवन पिल्लै यांनी मतदानाआधीच यंत्रांना उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. ते फेटाळले गेले आणि निकालात तेच १२३ मतांनी विजयी झाले! मग पराभूत काँग्रेस उमेदवार ए. सी. जोस यंत्रांविरुद्ध न्यायालयात गेले. यंत्रांना कायद्याचा आधार नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्या ५० केंद्रांवर फेरमतदान घ्यायला लावले आणि त्यात जोस निवडून आले. यंत्रावर कोणाचा किती विश्वास असतो, हे निकाल काय लागला यावर ठरते, हा धडा तेव्हापासूनचा आहे. कायद्यात ६१-ए हे कलम १९८९ साली आले. २००४ ची लोकसभा निवडणूक सर्व ५४३ मतदारसंघांत यंत्रांवर झाली. त्या काळात यंत्रांवर टीका करणारे पक्ष आणि आज टीका करणारे पक्ष यांची यादी समोरासमोर ठेवली, तर वाचकांची बरीच करमणूक होईल.

विश्वासाचा प्रश्न यंत्राच्या आतल्या चिपपाशी सुरू होत असला, तरी तो तेथे सुटत नाही. चिप कशी चालते हे सामान्य मतदाराला कधीच पाहता येणार नाही. ते त्याला तज्ज्ञाच्या शब्दावर मानावे लागणार. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी नेमके यावरच बोट ठेवले. २००५ च्या संसदीय निवडणुकीत तेथे वापरलेल्या यंत्रांत घोटाळा झाल्याचा पुरावा न्यायालयापुढे नव्हता. तरीही मतदानाचे आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही तपासता आले पाहिजेत, या तत्त्वावर ती यंत्रे घटनाबाह्य ठरली. आपल्याकडील व्यवस्थेला ही कसोटी लावली, तर काय दिसते? आपल्याकडे असा ताळा करण्याची साधने बऱ्याच प्रमाणात आहेत. कमतरता आहे ती साधने वापरण्याच्या सोयीची.

केंद्रावरचा कागद

यातील सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे '१७ सी' हा नमुना. मतदान संपले, की केंद्राध्यक्ष कंट्रोल युनिटवरील 'क्लोज' हे बटण दाबतो. त्यानंतर त्या यंत्रात एकही मत नोंदवता येत नाही. एकूण किती मते पडली हा आकडा यंत्रावर दिसतो. तो केंद्राध्यक्षाने १७ सी नमुन्याच्या पहिल्या भागात लिहायचा असतो. त्या केंद्रावर मतदार किती, नोंदवहीत सह्या किती जणांच्या, नोंद होऊनही मत न देता परतलेले किती, यंत्रांचे क्रमांक कोणते, मोहोरेचे क्रमांक कोणते, हे सारे त्याच कागदावर येते. उपस्थित मतदान प्रतिनिधींना त्याची साक्षांकित प्रत द्यावी लागते. मतमोजणीच्या दिवशी तेच यंत्र टेबलावर येते, तेव्हा प्रतिनिधीने आपल्याकडील प्रतीशी क्रमांक आणि एकूण मते पडताळून पाहायची असतात. उमेदवारनिहाय आकडे नमुन्याच्या दुसऱ्या भागात लिहिले जातात.

म्हणजे मतदान केंद्र ते मतमोजणी केंद्र या प्रवासात यंत्र बदलले गेले किंवा मते वाढली, तर ते पकडण्याची सोय या एका कागदात आहे. मात्र ही प्रत मिळते ती फक्त हजर असलेल्या प्रतिनिधीला. मोठ्या पक्षांचे प्रतिनिधीसुद्धा प्रत्येक केंद्रावर शेवटपर्यंत थांबतातच असे नाही. अपक्ष आणि लहान पक्षांची तर बातच नको. सायंकाळी सहानंतर रांग लांबली, की प्रत न घेताच घरी निघालेले प्रतिनिधी निवडणुकीचे वार्तांकन करणाऱ्या कोणालाही नवे नाहीत. पक्षांच्या प्रशिक्षण शिबिरांत घोषणा भरपूर होतात. १७ सी कसा वाचावा, हे सांगायला अर्धा तास काढला जातो का, हे पक्षांनीच सांगावे.

हे कागद संकेतस्थळावर टाकावेत, अशी मागणी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स आणि तृणमूलच्या महुआ मोईत्रा यांच्या याचिकांतून २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत १९ एप्रिलच्या पहिल्या टप्प्याची अंतिम टक्केवारी तब्बल ११ दिवसांनी, म्हणजे ३० एप्रिलला जाहीर झाली. ती मतदानाच्या दिवशीच्या अंदाजापेक्षा जवळपास सहा टक्क्यांनी अधिक होती. त्यावरून गदारोळ झाला. निवडणूक ऐन रंगात असताना हस्तक्षेप करण्यास न्यायालयाने २४ मे रोजी नकार दिला आणि दुसऱ्याच दिवशी आयोगाने पहिल्या पाच टप्प्यांतील प्रत्यक्ष मतांचे आकडे मतदारसंघवार जाहीर केले. कागदाच्या प्रतिमांत फेरफार करून त्या पसरवल्या जातील, अशी भीती आयोगाने कागद जाहीर न करण्याचे एक कारण म्हणून व्यक्त केली होती. ती निराधार नाही. परंतु मूळ प्रत आयोगाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असेल, तर बनावट प्रत उघडी पाडणे सोपे होईल की अवघड?

महाराष्ट्रात 'पाचनंतरच्या मतां'वरून झालेला वादही याच कागदाशी येऊन भिडतो. २० नोव्हेंबर २०२४ रोजी सायंकाळी पाच वाजता मतदान ५८.२२ टक्के असल्याचे सांगण्यात आले. अंतिम आकडा ६६.०५ टक्के निघाला. राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार, म्हणजे हा फरक साधारण ७६ लाख मतांचा. आकडा ऐकून छाती दडपते. पण राज्यातील मतदान केंद्रे सुमारे एक लाख होती. भागाकार केला, तर प्रत्येक केंद्रामागे ७६ मते येतात. दिवसभराची सरासरी दर केंद्रामागे ताशी ५८ च्या आसपास होती, मतदानाची वेळ सहापर्यंत होती आणि सहा वाजता रांगेत असलेल्या प्रत्येकाला मतदानाचा हक्क असतो. शिवाय पाच वाजताचा आकडा हा केंद्रांवरून तोंडी कळवलेल्या माहितीचा अंदाज असतो, त्यात प्रत्यक्षापेक्षा उशीर असतोच. त्यामुळे ७६ मते अशक्य कोटीतील नाहीत. मात्र हा भागाकार आयोगाने त्याच रात्री, केंद्रवार आकड्यांसह लोकांपुढे ठेवला असता, तर तो वाद महिनोन्‌महिने चालला नसता. केंद्राध्यक्षांनी दर दोन तासांनी टक्केवारी थेट ॲपवर भरावी, अशी सोय आयोगाने २०२५ मध्ये केली. अंदाजातील दिरंगाई त्यामुळे कमी व्हावी. कायदेशीर आकडा मात्र आजही १७ सी मधलाच.

यंत्र बरोबर, कागद चुकीचा

हरयाणातील पानिपत जिल्ह्यात बुआना लाखू नावाचे गाव आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथे सरपंचपदाची निवडणूक झाली. एका उमेदवाराला विजयी घोषित केले गेले. पुढे लक्षात आले, की एका मतदान केंद्रावरील दोन उमेदवारांचे आकडे लिहिताना त्यांची अदलाबदल झाली होती. प्रकरण खालच्या न्यायालयातून उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती यंत्रे दिल्लीला मागवली आणि न्यायालयाच्या आवारात, दोन्ही बाजूंसमोर आणि चित्रीकरण करून, सहा केंद्रांची मते पुन्हा मोजून घेतली. एकूण ३,७६७ मतांपैकी पराभूत ठरवलेल्या उमेदवाराला १,०५१ आणि विजयी ठरवलेल्याला १,००० मते निघाली. ५१ मतांनी निकाल फिरला. पाच वर्षांच्या मुदतीपैकी पावणेतीन वर्षे तोवर उलटून गेली होती.

या प्रकरणात यंत्राने काहीच चूक केली नव्हती. चूक लिहिणाऱ्याची होती, आणि यंत्रात मूळ आकडे शाबूत होते म्हणूनच ती दुरुस्त करता आली. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत देशभरात वीस हजारांहून अधिक व्हीव्हीपॅटची पडताळणी झाली, तेव्हा आंध्र प्रदेशातील मैदुकूर येथील एका केंद्रावर यंत्र आणि चिठ्ठ्या यांचा मेळ बसला नाही. तपासात कळले, की सकाळच्या अभिरूप मतदानातील मते केंद्राध्यक्षाने पुसलीच नव्हती. प्रत्यक्ष मतदान सुरू होण्यापूर्वी प्रतिनिधींसमोर किमान ५० मते टाकून यंत्र तपासले जाते. ती मते पुसायची आणि त्यांच्या चिठ्ठ्या पेटीतून काढून वेगळ्या ठेवायच्या असतात. पहाटेपासून जागे असलेल्या शिक्षकाच्या किंवा तलाठ्याच्या हातून हे राहून जाणे माणसाला धरूनच आहे. पूर्वी अशी यंत्रे बाजूला ठेवली जात आणि जय-पराजयाचा फरक त्यातील मतांपेक्षा कमी असेल, तरच त्यांचा विचार होई. २०२५ मध्ये, बिहार विधानसभा निवडणुकीपासून, अशा केंद्रांवरील चिठ्ठ्या मोजल्याच पाहिजेत, असे आयोगाने ठरवले. गाजावाजा न होता झालेली ही सुधारणा महत्त्वाची आहे.

पाच यंत्रांचे गणित

सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ रोजी कागदी पुराव्याची आवश्यकता मान्य केली. त्याच्या महिनाभर आधी नागालँडमधील नोकसेन पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट प्रथम वापरले गेले होते. गोव्यात २०१७ च्या विधानसभा निवडणुकीत सर्वच्या सर्व ४० मतदारसंघांत ते बसवले गेले आणि २०१९ पासून देशभर. बटण दाबल्यावर उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद काचेमागे दिसते आणि पेटीत पडते. यंत्र आणि चिठ्ठी यांत तफावत निघाली, तर चिठ्ठीच ग्राह्य, असा नियम आहे.

या चिठ्ठ्यांपैकी किती मोजायच्या? आधी प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील एका यंत्राच्या मोजत. चंद्राबाबू नायडू आणि अन्य विरोधी नेत्यांच्या याचिकेनंतर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये हा आकडा पाचवर नेला. त्यांची मागणी निम्म्या यंत्रांची होती; त्याने निकालास पाच-सहा दिवस लागतील, असे आयोगाचे म्हणणे होते. ही पाच केंद्रे चिठ्ठ्या टाकून निवडली जातात आणि बँकेतील रोखपालाच्या पिंजऱ्यासारख्या जाळीच्या कक्षात मोजणी होते.

पाच पुरेत का? याचे उत्तर प्रश्न कोणता यावर अवलंबून आहे, आणि सगळा घोळ तेथेच होतो. महाराष्ट्रात २०२४ मध्ये २८८ मतदारसंघांतील प्रत्येकी पाच, म्हणजे १,४४० यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या आणि कोठेही तफावत आढळली नाही, असे निवडणूक यंत्रणेने जाहीर केले. राज्यातील एक लाख यंत्रांपैकी समजा शंभरात एक जरी यंत्र मते फिरवत असते, तर यदृच्छेने निवडलेल्या १,४४० यंत्रांत असे एकही न सापडण्याची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी भरते. 'राज्यभर यंत्रे फिरवली' हा आरोप या आकड्यापुढे टिकणे कठीण आहे. असा आरोप करणाऱ्यांनी ही निवड यदृच्छेने झाली नाही, असे तरी दाखवले पाहिजे.

एका मतदारसंघापुरते बोलायचे, तर गणित पार उलटे होते. राज्यात सरासरी एका मतदारसंघात साडेतीनशेच्या आसपास केंद्रे येतात. त्यातील सात यंत्रांत काही गडबड आहे असे धरू. पाच यंत्रांच्या नमुन्यात त्यातील एकही न येण्याची शक्यता शंभरात नव्वद! सात यंत्रे म्हणजे साडेचार हजारांच्या आसपास मते. चुरशीच्या लढतीत निकाल फिरवण्यास ती पुरेशी आहेत. ९५ टक्के खात्रीने गडबड पकडायची, तर सुमारे १२० यंत्रे तपासावी लागतील. ३५ यंत्रांत गडबड असेल, तर मात्र २८ यंत्रे तपासून तेवढीच खात्री मिळते. म्हणजे आयोग म्हणतो तेही खरे आणि पराभूत उमेदवार म्हणतो तेही खरे. दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात.

यावरचा उपाय गणिताच्या पोटातच आहे. मोठ्या फरकाचा निकाल उलटवायचा, तर पुष्कळ यंत्रे बिघडवावी लागतात आणि पुष्कळ बिघडलेली यंत्रे लहान नमुन्यातही सापडतात. फरक लहान असेल, तर नमुना मोठा हवा. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०१७ पासून याच तत्त्वावर राज्यभर निकालांची तपासणी सुरू केली. तेथे किती मतपत्रिका तपासायच्या, हे जय-पराजयाच्या फरकावरून ठरते. आपल्याकडे लाखभर मतांनी जिंकलेल्या जागी पाच आणि दोनशे मतांनी जिंकलेल्या जागीही पाचच. फरकानुसार नमुना ठरवला, तर बहुतेक मतदारसंघांत निकालास फारसा उशीर होणार नाही आणि जेथे होईल, तेथे तो होणेच योग्य ठरेल.

अर्थात, चिठ्ठ्या मोजूनही न मिटणारे वाद असतात. मुंबई वायव्य मतदारसंघात २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत शिवसेनेचे रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी झाले. यंत्रांवरील मोजणीत शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५, तर वायकर यांना ४,५१,०९४ मते होती. म्हणजे कीर्तिकर एका मताने पुढे! टपाली मतांत वायकर १,५५० आणि कीर्तिकर १,५०१, आणि निकाल फिरला. त्या वेळी मोबाइलवर ओटीपी घेऊन यंत्र उघडल्याची आवई उठली. यंत्राला असा कोणताही संदेश लागत नाही, असे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना जाहीरपणे सांगावे लागले. कीर्तिकर यांच्या याचिकेत वाद होता तो मुख्यतः कागदी मतांचा. आपल्या नावावर दुसऱ्याने आधीच मतदान केलेल्या मतदारांना मतपत्रिकेवर जे मत देऊ दिले जाते, त्या प्रदत्त मतांचा. उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ती याचिका फेटाळली. मतपत्रिका परत आणल्या की सगळे आलबेल होईल, असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर अभ्यासावे.

निकालानंतरचे दार

मतपत्रिका परत आणण्याची आणि सर्व चिठ्ठ्या मोजण्याची, अशा दोन्ही मागण्या न्या. संजीव खन्ना आणि न्या. दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळल्या. मात्र त्याच निकालात एक नवे दार उघडले गेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना सात दिवसांत अर्ज करून विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांच्या मायक्रोकंट्रोलरची तपासणी करून घेता येईल. खर्च त्यांनी भरायचा, फेरफार सिद्ध झाल्यास तो परत मिळेल. व्हीव्हीपॅटमध्ये चिन्हे भरणारी उपकरणेही निकालानंतर ४५ दिवस मोहोरबंद ठेवावीत, असा आदेश झाला.

प्रत्यक्षात आयोगाने ठरवलेल्या कार्यपद्धतीत मूळ मते पुसून अभिरूप मतदान घेऊन यंत्र तपासण्याचा प्रकार होता. हे म्हणजे हिशेबाची वही कोरी करून पेन चालते का ते पाहण्यासारखे झाले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये यंत्रातील माहिती पुसू नका आणि नव्याने भरू नका, असे बजावले. त्यानंतर कार्यपद्धती बदलली. बुआना लाखूचा निकाल फिरला तो मूळ आकडे शिल्लक होते म्हणून, हे येथे आठवावे.

दुसरीकडे काही दारे बंदही झाली. पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाने एका वकिलाला मतदानाची कागदपत्रे आणि चित्रण देण्याचा आदेश दिल्यानंतर, २० डिसेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने आयोगाशी सल्लामसलत करून नियम ९३ बदलला आणि सीसीटीव्ही चित्रण सर्वांना पाहता येण्याची वाट बंद झाली. मे २०२५ मध्ये, याचिका नसेल तर हे चित्रण ४५ दिवसांनी नष्ट करावे, असे आयोगाने कळवले. मतदान कोणी केले व कोणी नाही हे चित्रणातून उघड होते आणि त्यावरून मतदारांवर दबाव येऊ शकतो, हा आयोगाचा मुद्दा खोटा नाही. केंद्रवार निकालांनीही हेच होते. पूर्वी मतपत्रिका एकमेकींत मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रांमुळे कोणत्या वस्तीने कोणाला मत दिले, हे उघड्यावर आले. म्हणून अनेक यंत्रांची एकत्र बेरीज करणारे 'टोटलायझर' आणावे, असा प्रस्ताव आयोगाने २००८ मध्ये दिला होता आणि विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याला दुजोरा दिला. तो अमलात आला असता, तर मारकडवाडीला आपल्या गावाचा आकडाच कळला नसता आणि तो ताळाही करता आला नसता. गुप्तता आणि पडताळणी यांच्यात अशी ओढाताण आहे, आणि तिचा निवाडा आजवर तुकड्यातुकड्यांनीच होत आला आहे.

मुंबईकर आणि पुणेकर वाचकांसाठी एक गोष्ट उरते. वरील सारा ऊहापोह लोकसभा आणि विधानसभेचा झाला. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तो वेगळा, त्याचे नियम वेगळे आणि यंत्रेही वेगळ्या धाटणीची. १५ जानेवारी २०२६ रोजी मुंबईसह राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले. त्यात व्हीव्हीपॅट नव्हते. बहुसदस्यीय प्रभागांत, जेथे एक मतदार तीन-चार मते देतो, तेथे चालणारे व्हीव्हीपॅट उपलब्ध नाही, असे कारण देण्यात आले. मुंबईतील २२७ प्रभाग मात्र एकसदस्यीयच आहेत. तेथेही मतदाराने बटण दाबले, 'बीप' असा आवाज ऐकला आणि तो बाहेर पडला. यंत्रातील आकड्याबद्दल कोणाला शंका आलीच, तर मोजण्यासाठी तेथे एकही चिठ्ठी नव्हती.